‘ह’शिवायचा हॅलो

कॅन्सरमुळे स्वरयंत्र काढून टाकलं की माणूस मुका होतो, असा आपला समज असतो. तसं होत नाही, तो वेगळ्या आवाजात बोलायला लागतो. पण हा नवा आवाज चांगला की वाईट, हे ठरवायचं कुणी? मशीननं, डॉक्टरनं, की फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या तुम्ही-आम्ही?

एक सोपा प्रयोग करून बघा. आत्ताच, क्युबिकलमध्ये बसल्या बसल्या. गळ्याच्या पुढच्या बाजूला जो उंचवटा असतो ना, त्यावर दोन बोटं ठेवा आणि हळूच ‘सऽऽऽ’ म्हणा. काही जाणवलं नाही ना? आता मधमाशी गुणगुणते तसं ‘झऽऽऽ’ करा. व्हायब्रेटवर ठेवलेला मोबाइल टेबलावर थरथरतो, तसं काहीतरी बोटांखाली लागेल. शेजारच्या डेस्कवरची मुलगी विचित्र नजरेनं बघत असेल, तर तिलाही करायला लावा.

ती थरथर म्हणजे तुमच्या स्वरतंतूंची कमाल. पुरुषांच्या गळ्यात ते सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बायकांच्या गळ्यात दोनशेच्या आसपास, असे एकमेकांना भेटून दूर होत असतात. आपण बॉसला मनातल्या मनात घातलेल्या शिव्या सोडल्या, तर दिवसभरातलं आपलं सगळं बोलणं त्यांच्याच जिवावर चालतं.

माझ्या मामाच्या गळ्यात आता ते नाहीत.

गिरगावचा अधिकृत आवाज

मामा म्हणजे गिरगावच्या चाळीत वाढलेला, एका बँकेत काउंटरवर आयुष्य काढून रिटायर झालेला माणूस. पण त्याची खरी ओळख गणपतीतली. वर्षातले दहा दिवस तो मंडळाच्या माइकवर असायचा. ‘निळा शर्ट, खाकी चड्डी, वय वर्षं पाच, पायात चप्पल नाही, मंडपाच्या उजव्या बाजूला उभा आहे, आईनं ताबडतोब यावं.’ हे तो अशा काही थाटात सांगायचा, की हरवलेलं पोर रडायचं थांबून त्याच्याकडे बघत बसायचं. रोजची पाकीटभर सिगारेट हाही त्याच थाटाचा भाग होता.

मग एका वर्षी आवाज बसला. ‘गणपतीत ओरडलो ना, होईल ठीक.’ नवरात्र गेलं. मामीनं हळद-दूध, ज्येष्ठमध, कंकोळ सगळं करून झालं. दिवाळीत तो फोनवर ‘शुभ दीपावली’ म्हणाला तेव्हा मला वाटलं, रेंज नाहीये. डॉक्टरकडे गेला तेव्हा डिसेंबर लागला होता. इथे एक गोष्ट सांगून टाकतो आणि पुढे जातो. आवाज घोगरा होऊन दोन-तीन आठवडे झाले आणि सुधारला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवायचं. सिगारेट ओढत असाल तर नक्कीच. दुर्बिणीतून बघायला पाच मिनिटं लागतात.

कारण लवकर गेलात तर स्वरयंत्र वाचतं. सुरुवातीचा आजार नुसत्या रेडिएशननं किंवा लेझरनं आटोक्यात येऊ शकतो. पुढे गेलेल्या आजारातही प्रत्येक वेळी ते काढावंच लागतं असं नाही. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांनी ३३२ पेशंटवर केलेला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी केमोथेरपी आणि मग रेडिएशन दिलेल्या गटात जवळपास दोन-तृतीयांश लोकांचं स्वरयंत्र वाचलं, आणि जगण्याचं प्रमाण ऑपरेशन केलेल्यांइतकंच राहिलं. पण मामाचा आजार कूर्चेच्या आत शिरला होता. तिथे डॉक्टर सहसा एकच पर्याय देतात. अख्खं स्वरयंत्र बाहेर.

फॉर्मवर सही करायच्या आदल्या रात्री त्यानं मला विचारलं, ‘अरे, म्हणजे मी बोलणार कसा?’ ते त्याच्या जुन्या आवाजातलं माझ्याशी झालेलं शेवटचं वाक्य. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवायचं मला सुचलं नाही. दिवसातून तीनदा सेल्फी काढणारा मी, पण नाही सुचलं.

दोन नळ्यांची गोष्ट

आपल्या गळ्यात दोन नळ्या असतात. पुढची श्वासाची, मागची अन्नाची. श्वासनळीच्या तोंडाशी स्वरयंत्र बसलेलं असतं. आवाज काढणं हे त्याचं दुसरं काम. पहिलं काम वॉचमनचं. घास चुकून फुप्फुसात जाऊ नये म्हणून दार बंद करणं. ते काढलं की श्वासनळी उघडी पडते. म्हणून सर्जन तिचं टोक पुढे आणून मानेच्या त्वचेला शिवतात. गळ्याच्या खालच्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढं भोक राहतं, कायमचं. श्वास तिथून आत, तिथूनच बाहेर.

याचे परिणाम ऐकायला साधे, जगायला विचित्र. नाकातून हवा जातच नाही, म्हणून वास येईनासा होतो. गरम चहावर फुंकर मारता येत नाही. शिट्टी बंद. शॉवर घेताना गळ्यावर आडोसा, पोहणं जवळपास विसरायचं. आणि अशा माणसाला रस्त्यात चक्कर आली, तर ऑक्सिजनचा मास्क तोंडाला लावून उपयोग नाही, तो मानेला लावावा लागतो. हे ॲम्ब्युलन्समधल्या माणसांना माहीत असतं, पण आपल्यालाही असलेलं बरं.

कॅन्सरसाठी अख्खं स्वरयंत्र काढण्याचं पहिलं ऑपरेशन थिओडोर बिलरोथ या सर्जननं व्हिएन्नामध्ये केलं, ३१ डिसेंबर १८७३ रोजी. जग थर्टीफर्स्टच्या मूडमध्ये असताना! गंमत बघा, हा बिलरोथ स्वतः चांगला वादक आणि संगीतकार ब्राम्सचा जिवलग मित्र. त्याच १८७३ सालात प्रसिद्ध झालेली दोन स्ट्रिंग क्वार्टेट्स ब्राम्सनं त्याला अर्पण केलीत. म्हणजे ज्यानं माणसाच्या गळ्यातलं वाद्य पहिल्यांदा काढून टाकलं, त्याचा कान चांगलाच तयार होता. आणि त्या पेशंटला बोलता यावं, यासाठी बिलरोथच्या असिस्टंटनं, कार्ल गुसेनबाउअरनं, लगोलग कृत्रिम स्वरयंत्रही बनवलं. पहिल्या दिवसापासून डॉक्टरांना कळलेलं होतं, की कॅन्सर काढून काम संपत नाही.

आज बोलायचे तीन रस्ते आहेत. पहिला इलेक्ट्रोलॅरिंक्स. शेव्हिंग मशीनसारखं दिसणारं यंत्र हनुवटीखाली टेकवायचं, ते गुणगुणतं आणि तोंड त्या गुणगुणण्याचे शब्द करतं. लगेच जमतं, पण ऐकायला रोबो. दुसरा रस्ता अन्ननलिकेचा. हवा गिळायची आणि ढेकर दिल्यासारखी सोडत बोलायचं. एका वेळी मूठभर हवा, म्हणजे एका दमात तीन-चार शब्द. शिकायला महिनोन्‌महिने लागतात आणि सगळ्यांना जमतही नाही. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’मधला ब्रिटिश नट जॅक हॉकिन्स याचं स्वरयंत्र १९६६ मध्ये काढलं, तेव्हा तो ही पद्धत शिकला. तरी सिनेमात त्याचं तोंड हलायचं आणि आवाज दुसऱ्या नटाचा असायचा.

तिसरा रस्ता सगळ्यात हुशार. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसचे सर्जन मार्क सिंगर आणि स्पीच थेरपिस्ट एरिक ब्लोम यांनी १९८० मध्ये तो जगापुढे ठेवला. दोन नळ्यांमधल्या भिंतीला बारीक भोक पाडायचं आणि त्यात सिलिकॉनचा वन-वे व्हॉल्व्ह बसवायचा. गळ्यावरचं छिद्र अंगठ्यानं दाबलं की फुप्फुसातली हवा व्हॉल्व्हमधून अन्ननलिकेत जाते आणि वरच्या भागातले स्नायू-त्वचा थरथरवते. स्वरतंतू नाहीत, पण थरथर आहे. फुप्फुसाची भरपूर हवा हाताशी असल्यामुळे वाक्यं पूर्ण होतात. अन्न मात्र उलट दिशेनं श्वासनळीत येत नाही.

मामाला हा व्हॉल्व्ह बसवला. पहिला आवाज निघाला तेव्हा मामी रडली आणि मामा हसला. आवाज कसा होता? खरं सांगू? जुना रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये अडकल्यासारखा.

रिपोर्टमध्ये ‘अनडिफाइंड’

दोन महिन्यांनी हॉस्पिटलनं आवाजाची तपासणी केली. माइकसमोर बसवून ‘आऽऽऽ’ म्हणायला लावलं, एक उतारा वाचून घेतला, आणि एक प्रिंटआउट हातात दिला. शहरातलं मोठं हॉस्पिटल, प्रचंड गर्दी, समजावून सांगायला कुणाला वेळ नव्हता. मामानं बँकेत आयुष्यभर आकडे बघितलेले. त्यानं घरी येऊन चष्मा लावला आणि कागद वाचायला घेतला. जिटर, समोर तीन रेघा. शिमर, समोर भयंकर मोठा आकडा. पिच, ‘अनडिफाइंड’. शेजारच्या कॉलममध्ये नॉर्मल माणसाचे आकडे.

‘अनडिफाइंड म्हणजे काय रे?’ त्यानं पाटीवर लिहून विचारलं. हो, पाटीवर. त्या दिवसापासून तीन आठवडे तो बोललाच नाही. अंगठा गळ्याकडे जायचा आणि परत खाली यायचा. मामीला वाटलं, व्हॉल्व्ह बिघडला. व्हॉल्व्ह ठणठणीत होता. बिघडला होता तो मामा, एका कागदामुळे.

मग मी त्याला एका ओळखीच्या स्पीच थेरपिस्टकडे घेऊन गेलो. तिनं कागद बघितला, बाजूला ठेवला आणि म्हणाली, ‘काका, हा तुमच्या आवाजाचा दोष नाही. थर्मामीटरनं वजन करायला गेल्यासारखं झालंय.’ पुढचा तासभर तिनं जे सांगितलं ते आधी कुणी सांगितलं असतं, तर ते तीन आठवडे वाचले असते.

पट्टी चुकीची

गोष्ट अशी आहे. निरोगी आवाज म्हणजे एकसारख्या लाटांची रांग. एक लाट दुसरीसारखी, दुसरी तिसरीसारखी. प्रत्येक लाटेची लांबी आधीच्या लाटेपेक्षा किती बदलली, ते म्हणजे जिटर. उंची किती बदलली, ते म्हणजे शिमर. आणि एकूण आवाजात सूर किती, खरखर किती, याचं गुणोत्तर म्हणजे एचएनआर. प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये जिटर १.०४ टक्क्यांच्या आत आणि शिमर ३.८१ टक्क्यांच्या आत असला तर आवाज ठीक मानतात. एचएनआर निरोगी माणसाच्या ‘आऽऽऽ’ला २० डेसिबलच्या आसपास येतो. २० म्हणजे आवाजातली ९९ टक्के ताकद सुरात. शून्य म्हणजे फिफ्टी-फिफ्टी.

आता या सगळ्यात एक गृहीत धरलेलं आहे, की लाटा मोजता येतील. सॉफ्टवेअरला आधी ‘ही एक लाट संपली, ही दुसरी सुरू झाली’ हे कळावं लागतं. मामाच्या गळ्यात थरथरतो तो अन्ननलिकेच्या तोंडाचा जाडसर, ओलसर पडदा. तो कधी सेकंदाला ६० वेळा हलतो, कधी ९०, मध्येच अडखळतो, मध्येच एक सोडून एक लाट येते. लाटच सापडली नाही तर तिची लांबी मोजणार कशी? सॉफ्टवेअर प्रामाणिक होतं. त्यानं हात वर केले.

शिवाय आणखी एक लोचा. आवाज तपासायचं जगभर वापरलं जाणारं सॉफ्टवेअर आहे प्राट. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेलं आणि चक्क फुकट. तुम्हीही डाउनलोड करू शकता. त्यात पिच शोधायची खालची मर्यादा बरीच वर्षं मुळातच ७५ हर्ट्झवर लावलेली असायची. ६५ हर्ट्झचा आवाज आत टाकला आणि सेटिंग बदललं नाही, तर त्याच्या लेखी तो आवाजच नाही! हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं, तर ६५ हर्ट्झ म्हणजे पांढरी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्रातला सा. गवय्यानं पहाटे उठून खर्ज लावावा तिथे मामा येता-जाता बोलतो.

हे शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं नव्हतं, असं नाही. अमेरिकेतले आवाजाचे अभ्यासक इंगो टिट्झ यांनी एका कार्यशाळेचा अहवाल १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात आवाजाचे तीन प्रकार केले आहेत. जवळपास नियमित लाटांचा पहिला, मध्येच ताल मोडणारा दुसरा, आणि ज्यात ताल सापडतच नाही असा तिसरा. जिटर-शिमर फक्त पहिल्या प्रकाराला लावा, असा स्पष्ट सल्ला त्यात आहे. जिटर पाच टक्क्यांच्या वर गेला की त्या आकड्यावर भरवसा ठेवू नये, हेही. तरीही मशीन विकत घेतलं आहे आणि बटण दाबलं की आकडा येतो, म्हणून छापला जातो. आपल्या ऑफिसात नाही का, ज्याला अर्थ नाही तोही कॉलम एक्सेल शीटमध्ये भरावाच लागतो!

मग अशा आवाजाचं करायचं काय? व्हॉल्व्हचं बरंचसं काम नेदरलँड्समध्ये झालंय. ॲमस्टरडॅमच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटमधल्या फ्रान्स हिल्गर्स यांच्या टीमनं प्रोव्हॉक्स नावाचा व्हॉल्व्ह आणला तो १९९० च्या सुमाराचा. तिथल्याच कोरिना व्हॅन आस हिनं २००१ मध्ये पीएचडी केली ती याच प्रश्नावर. पुढे २००६ मध्ये तिनं आणि सहकाऱ्यांनी खास या आवाजासाठी चार पायऱ्या मांडल्या. आकडा काढायचाच नाही. स्पेक्ट्रोग्रॅम काढायचा, म्हणजे आवाजाचा फोटो, आणि डोळ्यांनी बघायचं. आडव्या रेघा स्वच्छ आणि दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकल्या तर पहिली पायरी. आवाज टिकतोय पण रेघ जेमतेम एखादी, तर दुसरी. रेघा तुकड्यातुकड्यांनी, तर तिसरी. नुसतंच धुकं, तर चौथी.

थेरपिस्टनं मामाचा फोटो स्क्रीनवर काढला. वर सगळी करडी खरखर, पण खाली, अगदी तळाशी, एक जाड काळी रेघ. थोडी वाकडी, मध्ये तुटलेली, पण रेघ. ‘ही बघा काका, हा तुमचा आवाज. अनडिफाइंड नाहीये.’ मामा बराच वेळ त्या रेघेकडे बघत होता. मग अंगठा गळ्यावर गेला आणि तो म्हणाला, ‘वाकडीये.’ तीन आठवड्यांतला पहिला शब्द.

नवी हत्यारंही आहेत. सेप्स्ट्रम नावाची एक पद्धत आहे. स्पेक्ट्रम शब्दाची पहिली चार इंग्रजी अक्षरं उलटी केली की हे नाव तयार होतं. १९६३ मध्ये अमेरिकन गणित्यांनी भूकंपाच्या लहरींमधले प्रतिध्वनी शोधायला ती काढली आणि असले उलटे शब्द मुद्दाम वापरले. ती एकेक लाट मोजत बसत नाही. एकूण गोंधळात सुराचा डोंगर किती वर डोकं काढतोय, तेवढं सांगते. म्हणूनच मामासारख्यांच्या आवाजाला ती जिटरपेक्षा जास्त न्याय देते. भूकंप मोजणारी युक्ती माणसाच्या गळ्याला चालते, हे मला तरी पटायला वेळ लागला नाही. मामाचं ते ‘आऽऽऽ’ मी ऐकलं होतं.

आणि मोजायचं ते उगीच नाही. स्नायू जास्त आवळला असेल तर आवाज दाबलेला, जोर लावून काढल्यासारखा येतो. त्यावर बोटॉक्सचं इंजेक्शन देतात, सुरकुत्यांसाठी मिळतं तेच. स्नायू ढिला असेल तर आवाज फुसका येतो, तेव्हा बाहेरून मानेवर हलकं बोट दाबूनही फरक पडतो. मोजमाप चुकलं तर उपायही चुकतो.

प, ब आणि भाजीवाला

पण सुरेल आवाज आणि समजणारा आवाज या दोन गोष्टी वेगळ्या, आणि मामाच्या रोजच्या जगण्यात दुसरी जास्त महत्त्वाची. इथे तो मराठी आहे, हे आडवं येतं.

सुरुवातीचा ‘स’ आणि ‘झ’चा प्रयोग आठवा. प आणि ब, त आणि द, क आणि ग यांत ओठ-जीभ अगदी सारखीच हलतात. फरक एवढाच, की ‘ब’ला गळा थरथरतो आणि ‘प’ला तेवढ्यापुरता थांबतो. हा स्विच निमिषार्धात चालू-बंद करायचं काम स्वरतंतू करतात. अन्ननलिकेच्या स्नायूला असा स्विच नाही. एकदा थरथरायला लागला की लागला. मग मामाचा ‘पाव’ ऐकणाऱ्याला ‘बाव’ वाटतो आणि ‘तार’चं ‘दार’ होतं. इंग्रजीत अशा जोड्या आहेतच, पण मराठीत एकेका जागी चार-चार भावंडं. क, ख, ग, घ. ख आणि घला वर हवेचा झोत पाहिजे, तोही नेमक्या क्षणी.

आणि ‘ह’? तो तर जन्मतोच स्वरयंत्रात. स्वरयंत्र गेलं की तो जवळपास गायबच होतो. मामा फोन उचलून ‘ॲलो’ म्हणतो. ‘हो’चं ‘ओ’ होतं, ‘म्हातारा’चा ‘मातारा’. ‘म्हणजे’चं ‘मंजे’ होतं, पण तसं तर आपण सगळेच बोलतो, तिथे कुणाला काही कळतही नाही.

गंमत म्हणजे बाजारात त्याचं सहसा अडत नाही. भाजीवाल्यासमोर उभं राहून ‘बाव गिलो’ म्हटलं तरी तो पाव किलोच तोलतो, कारण ‘बाव गिलो’ असं जगात काही नसतं. मेंदू भोकं बुजवून घेतो. पंचाईत होते ती नावांची. आडनावाला मागचा-पुढचा संदर्भ नसतो. पाटील आहे की बाटील, हे ऐकणाऱ्यानं कशावरून ठरवायचं? म्हणूनच आवाजाची खरी परीक्षा घ्यायची तर अनोळखी माणसाला सुटे शब्द ऐकवतात आणि त्याला ऐकू आलं ते लिहायला सांगतात. नेहमीच्या आवाजांसाठी १९८१ पासून प्रसिद्ध असलेली हिरानो यांची जपानी मोजपट्टी इथे फारशी कामाची नाही. तिच्यात खरखरीला शून्य ते तीन मार्क, आणि या सगळ्या आवाजांना जवळपास तीनच मिळतात. म्हणून बेल्जियमच्या संशोधकांनी २००६ मध्ये वेगळी पट्टी आणली. आवाज ऐकून एकूण काय वाटलं, किती कळलं, नको ती फुसफुस किती, बोलणं किती सलग, आणि थरथर हवी तिथे आहे का, असे प्रश्न ती विचारते. मला यातला ‘किती कळलं’ हा प्रश्न सगळ्यात आवडला. तो विचारायला २००६ साल उजाडावं लागलं, हे मात्र नवलच.

‘सर, तुमचा आवाज ब्रेक होतोय’

आता तुमच्यापैकी जे कस्टमर केअरला, बँकेत, इन्शुरन्समध्ये दिवसभर हेडफोन लावून बसतात, त्यांच्यासाठी. मामानं एकदा कार्ड ब्लॉक करायला फोन केला. कोणत्या कंपनीचं कार्ड ते राहू दे. पहिल्यांदा मशीन म्हणालं, ‘आपका जवाब समझ नहीं आया.’ तीनदा. मग माणूस आला. ‘सर, तुमचा आवाज ब्रेक होतोय, नेटवर्कमध्ये येऊन कॉल करा.’ खट्‌. दुसऱ्यांदा मुलगी होती. तिला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. खट्‌. तिसऱ्यांदा फोन मी केला आणि मलाच सांगितलं गेलं, की कार्डहोल्डरनंच बोलायला हवं.

यातही विज्ञान आहे. जुनी टेलिफोन लाइन ३०० हर्ट्झच्या खालचं काही पाठवायचीच नाही. तुमचा-माझाही मूळ सूर त्याच्या खालीच असतो, पण वरच्या रेघांच्या अंतरावरून आपला मेंदू तो परत बांधून घेतो. मामाच्या आवाजात वरच्या रेघाच नीट नाहीत. खालची जाड रेघ कापली गेली, की समोरच्याला पोचते ती खरखर. हल्लीच्या फोरजी फोनवरच्या एचडी कॉलमध्ये ५० हर्ट्झपर्यंतचा आवाज जातो, त्यामुळे मला मामाचा फोन आता बराच स्वच्छ येतो. कॉल सेंटरच्या लाइनवर तो तसा पोचेलच असं नाही.

बायकांचं दुखणं वेगळंच. स्वरयंत्र गेल्यावर बाई आणि पुरुष यांच्या आवाजाच्या पट्टीत फारसा फरक उरत नाही. नाव ‘सुनीता’ सांगितलं तरी पलीकडून ‘सर’च येतं. रिपोर्टमध्ये यासाठी कॉलम नसतो.

खर्चाचंही बोलायला हवं. व्हॉल्व्ह कायमचा नसतो. त्यावर बुरशी धरते, तो गळायला लागतो, काही महिन्यांनी बदलावा लागतो. मामाचा अलार्म म्हणजे चहा. चहाच्या घोटाबरोबर ठसका लागला, की समजायचं, तारीख जवळ आली. बाहेरून येणाऱ्या व्हॉल्व्हची किंमत हजारोंच्या घरात, आणि ती परत परत. बंगळूरचे कॅन्सर सर्जन डॉ. विशाल राव यांनी ‘ऑम’ नावाचा व्हॉल्व्ह बनवला, २०१६ च्या सुमारास त्याच्या बातम्या सगळीकडे झळकल्या, कारण किंमत होती फक्त पन्नास रुपयांच्या आसपास. बोलण्यासाठी किती पैसे मोजायचे, हा प्रश्न कुणाला तरी टोचला, हे बरंच झालं.

माइक टेस्टिंग

सहा महिन्यांनी परत रेकॉर्डिंग झालं. काळी रेघ सरळ झाली होती आणि तिच्या वर आणखी एक फिकट रेघ दिसायला लागली होती. दुसरी पायरी. ‘आऽऽऽ’ चार सेकंदांवरून अकरावर गेलं होतं. थेरपिस्ट खूश, मी खूश. मामाला त्यात फारसा रस नव्हता. त्यानं तिला एकच विचारलं, ‘माइक कुठे धरायचा?’

‘तोंडाजवळच काका. गळ्यापासून लांब ठेवा, नाहीतर छिद्रातली फुसफुस आधी ऐकू येईल.’

गणपतीत तिसऱ्या दिवशी तो मंडपात गेला. आधी पोरांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला, आणि माइक सोडून सगळं दिलं. रात्री नऊच्या गर्दीत माइकवरचा मुलगा कुठेतरी गेला आणि मामानं माइक उचलला. ‘वन टू थ्री’ केलं नाही. डावा हात गळ्यावर, उजव्या हातात माइक, आणि स्पीकरमधून तो खर्ज बाहेर पडला, ‘रांगेत या. घाई गरू नका.’ गर्दीनं वर बघितलं. एक लहान मुलगी आईच्या कुशीत शिरली. बाकीच्यांनी रांग लावली.

दुसऱ्या दिवशी पोरांनी त्याला सात ते आठची पाळी देऊन टाकली. हरवलेल्या मुलांची नावं मात्र मी सांगणार नाही, असं त्यानं आधीच बजावलं. नाव चुकीचं ऐकू गेलं तर आई येणार नाही. त्यामुळे नाव शेजारचा मुलगा सांगतो. शर्टाचा रंग, वय, पायात चप्पल आहे की नाही, आणि ‘आईनं ताबडतोब यावं’, हे मामा.